गुणांच्या कोष्टकातील आपली पदवी

आमच्या शाखेत अलीकडे महिन्यातून तीन-चार वेळा तरी एका विशिष्ट पत्राची मागणी होते. ग्राहक समोर येतो, आवाज किंचित खाली आणतो आणि विचारतो, "मॅडम, कॅनडाच्या फाइलसाठी बँकेचे पत्र मिळेल का?" या पत्राचा मजकूर ठरलेला असतो. बँकेच्या लेटरहेडवर ग्राहकाचे नाव, त्याच्या प्रत्येक खात्याचा व ठेवीचा क्रमांक, खाते उघडल्याची तारीख, आजची शिल्लक, मागील सहा महिन्यांची सरासरी शिल्लक आणि त्याच्या नावे असलेली कर्जे व क्रेडिट कार्डाची बाकी. पत्र तयार होईपर्यंत ग्राहक समोरच्या खुर्चीत बसतो आणि बोलतो. आश्चर्य असे की, ते बोलणे पैशांविषयी क्वचितच असते. ते असते पदवीविषयी. माझ्या बी.कॉम.ला तेथे किंमत आहे का, एम.एस्सी.चे किती गुण मिळतील, एखादा डिप्लोमा जोडला तर चालेल का, अशा प्रश्नांना बँकेच्या नियमपुस्तिकेत उत्तर नाही. वडोदऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील आणि अन्य ग्राहकांचे हे प्रश्न ऐकता ऐकता या विषयाकडे मी अधिक बारकाईने पाहू लागले. त्यातून बनलेले माझे मत सुज्ञ वाचकांपुढे ठेवीत आहे.

गुणांची ही पद्धत कॅनडाने १९६७ साली सुरू केली. तिचे मोल कळण्यासाठी तिच्या आधीचा काळ आठवावा लागतो. १९१४ साली 'कोमागाता मारू' हे जहाज ३७६ भारतीय प्रवाशांना घेऊन व्हँकुव्हरच्या बंदरात पोहोचले, तेव्हा त्यांतील बहुतेक सर्वांना उतरू देण्यात आले नाही. मायदेशातून वाटेत कोठेही न थांबता थेट प्रवास केलेला असावा, असा तेव्हा नियम होता आणि भारतातून तसा प्रवास करणे जवळजवळ अशक्य होते. माणूस काय शिकला आहे हे विचारण्याची वेळच येत नसे. तो कोणत्या देशाचा आणि कोणत्या वर्णाचा, एवढ्यावर निकाल लागे. १९६७च्या कोष्टकाने तो प्रश्न बाद केला. शंभरपैकी पन्नास गुण मिळवणारा पात्र ठरू लागला आणि त्यांतील वीस गुण शिक्षणाचे होते, यशस्वीपणे पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षाला एक या हिशेबाने. आपल्याकडील कित्येक डॉक्टर, अभियंते व प्राध्यापक त्यानंतरच्या काळात तिकडे गेले ते या दारातून. म्हणून गुणपद्धतीवर सरसकट टीका करणाऱ्यांशी मी सहमत नाही. अर्जदाराचा चेहरा न पाहणारे कोष्टक हे चेहरा पाहणाऱ्या अधिकाऱ्यापेक्षा केव्हाही बरे.

परंतु चेहरा न पाहणारे हे कोष्टक आणखीही बऱ्याच गोष्टी पाहत नाही. २०१५च्या जानेवारीत कॅनडाने 'एक्स्प्रेस एंट्री' ही व्यवस्था आणली. तिच्या क्रमवारीत एकूण १२०० गुण असतात. अविवाहित अर्जदाराच्या बारावीपर्यंतच्या शिक्षणाला त्यांत ३० गुण, एका वर्षाच्या अभ्यासक्रमाला ९०, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला ९८, तीन किंवा अधिक वर्षांच्या पदवीला १२०, पदव्युत्तर पदवीला १३५ आणि पीएच.डी.ला १५०. यांत प्रथम वर्ग, द्वितीय वर्ग असा रकानाच नाही. ज्या समाजात ५९.८ टक्के मिळाले म्हणून मुलगा आठवडाभर जेवत नाही आणि प्रथम वर्ग हुकल्याचे दुःख आईवडील दहा वर्षांनीही सांगतात, त्या समाजातील उमेदवाराला येथे कळते की, 'पास क्लास' आणि विद्यापीठात प्रथम येणे यांची किंमत समान आहे. नामांकित संस्थेची चार वर्षांची बी.टेक. आणि तालुक्याच्या गावातील महाविद्यालयाची तीन वर्षांची बी.ए. या दोहोंना १२०च. ग्रामीण महाविद्यालयातून शिकलेल्यांना हा मोठाच दिलासा आहे. आपल्या देशातील कोणत्या मुलाखतीत अशी समता त्यांच्या वाट्याला येते?

ऑस्ट्रेलियाचे कोष्टक तर याहून संक्षिप्त. तेथे पीएच.डी.ला २०, पदवीला १५ आणि पदविकेला १० गुण. पदव्युत्तर पदवीसाठी वेगळी पायरीच नाही, तिलाही १५च. मी स्वतः एम.कॉम. आहे. परीक्षेच्या दिवसांत पहाटे चारला उठून केलेल्या त्या दोन वर्षांच्या अभ्यासाची ऑस्ट्रेलियाच्या कोष्टकातील अधिक किंमत शून्य, हे प्रथम वाचले तेव्हा क्षणभर वाईट वाटले आणि नंतर हसू आले. हसू येण्याचे कारण असे की, त्याच कोष्टकात समाजभाषेच्या संभाषण-परीक्षेला ५ गुण आहेत आणि त्या परीक्षेच्या भाषांमध्ये मराठीचा समावेश आहे. इंग्रजी बोलणारा आणि मराठी बोलणारा यांच्यातील संवाद दोन्ही बाजूंनी भाषांतरित करून दाखवायचा असतो. म्हणजे घरात आजीशी बोलून जे आले त्याला पाच आणि विद्यापीठात जाऊन जे मिळवले त्याला काही नाही! मराठी घरात बोलायला हवे हे मुलांना पटवण्यासाठी पालकांच्या हाती हे एक नवेच साधन आले आहे.

कॅनडात पदव्युत्तर पदवी अशी वाया जात नाही, पण तिचे वजन कशाच्या तुलनेत आहे हे पाहिले पाहिजे. क्रमवारीत काही गुण एकट्या गोष्टीला नव्हे, तर दोन गोष्टींच्या जोडीला मिळतात, उदाहरणार्थ शिक्षण आणि भाषा यांच्या जोडीला. इंग्रजी परीक्षेत नवव्या स्तरापर्यंत पोहोचलेल्या पदवीधराला या जोडीचे २५ गुण मिळतात, तर पदव्युत्तर उमेदवाराला ५०. मूळचे १५ अधिक आणि हे २५ अधिक असे एम.कॉम.चे बी.कॉम.वरील आधिक्य ४० गुणांचे होते. आता दुसरा हिशेब पाहावा. पदव्युत्तर पदवी आणि तीन वर्षांचा नोकरीचा अनुभव असलेला एक अविवाहित उमेदवार आयईएलटीएस परीक्षेत आठव्या स्तरावर आहे, म्हणजे श्रवणात साडेसात आणि वाचन, लेखन, संभाषणात प्रत्येकी साडेसहा. त्याने पुन्हा परीक्षा देऊन प्रत्येक विभागात केवळ अर्धा गुण वाढवला तर तो नवव्या स्तरावर जातो. मग भाषेचे ३२ गुण वाढतात, शिक्षण व भाषेच्या जोडीचे २५ वाढतात, अनुभव व भाषेच्या जोडीचे आणखी २५ वाढतात. एकूण ८२. दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासाच्या दुपटीहून अधिक किंमत अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या सुधारणेला आहे. शिवाय वयाचे गुण विसाव्या वर्षापासून एकोणतिसाव्या वर्षापर्यंत ११० असतात आणि पस्तिसाव्या वर्षी ७७ उरतात. सहा वर्षांत ३३ गुण गळून जातात. तिशीच्या उंबरठ्यावर 'गुणांसाठी आणखी एक पदवी' घ्यायला निघालेल्यांनी ही वजाबाकी आधी करावी, असे मी प्रत्येकाला सांगते. बरेचसे ऐकत नाहीत. त्यांनी पदवीचे नाव नक्की केलेले असते, वयाचा रकाना पाहिलेला नसतो.

मुळात आपली पदवी कोष्टकात शिरते ती थेट नव्हे. मे २०१३पासून कॅनडाच्या कुशल कामगार योजनेत परदेशी पदवीचे शैक्षणिक मूल्यांकन सक्तीचे झाले. तेथील सरकारने नेमलेल्या संस्था आपली पदवी पाहून ती कॅनडातील कोणत्या शिक्षणाच्या तोडीची आहे याचा अहवाल देतात आणि तो पाच वर्षे ग्राह्य धरला जातो. गुण मिळतात ते या अहवालातील शब्दांना, आपल्या भिंतीवरील चौकटीतल्या प्रमाणपत्राला नव्हे. येथेच आपल्याकडील उमेदवाराची खरी परवड सुरू होते आणि तिचा दोष मी परक्या देशाला देणार नाही.

मूल्यांकन संस्थेला गुणपत्रकांचा अधिकृत उतारा हवा असतो, तोही विद्यापीठाने परस्पर पाठवलेला. कागदी असेल तर पाकीट मोहोरबंद हवे. आमच्या एका ग्राहकाने या एका पाकिटासाठी विद्यापीठाच्या तीन फेऱ्या केल्या. पहिल्या वेळी संबंधित लिपिक रजेवर, दुसऱ्या वेळी शुल्काचे चलन जुन्या नमुन्यातले, तिसऱ्या वेळी पाकीट मिळाले, पण बंद केलेल्या जागेवर शिक्का नव्हता. दूरच्या शहरात नोकरी करणाऱ्या त्या माणसाच्या तीन रजा आणि रेल्वेची सहा तिकिटे एका शिक्क्यापायी खर्ची पडली. ज्या विद्यापीठांना परदेशी विद्यार्थी यावेत असे वाटते, त्यांनी आधी आपल्याच माजी विद्यार्थ्याचा कागद वेळेत पाठवण्याची व्यवस्था करावी.

दुसरी अडचण नावाची. महाराष्ट्रातील कित्येक गुणपत्रकांवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आईचे, असा क्रम असतो. पारपत्रावर हेच नाव दोन रकान्यांत विभागले जाते, त्यातून कधी वडिलांचे नाव गळते, कधी आईचे. विवाहित स्त्रीचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदललेले. परदेशातील टेबलावर ही एकाच व्यक्तीची कागदपत्रे तीन वेगवेगळ्या स्त्रियांची वाटू शकतात. बँकेत 'आपला ग्राहक ओळखा' या नियमाखाली आम्हीही हाच घोळ रोज निस्तरतो, म्हणून तो किती चिवट आहे याची मला कल्पना आहे. राजपत्रातील नोंद, विवाह नोंदणीचा दाखला, प्रतिज्ञापत्र यांची जुळवाजुळव पदवीच्या वर्षीच करून ठेवणारे विरळाच.

आता ज्या गोष्टीविषयी मला सर्वांत तीव्रतेने बोलायचे आहे, तिच्याकडे वळते. गुण मिळाले म्हणजे पदवी मान्य झाली, असा समज सार्वत्रिक आहे आणि तो खरा नाही. मूल्यांकनाचा अहवाल स्थलांतरासाठी असतो. व्यवसायाचा परवाना ही निराळी बाब. कॅनडात डॉक्टर, परिचारिका, अभियंता, शिक्षक यांसारखे व्यवसाय प्रांतांच्या नियामक मंडळांच्या अखत्यारीत येतात. एम.बी.बी.एस. पदवीचे स्थलांतराचे गुण मिळाले तरी रुग्ण तपासण्याआधी तेथील परीक्षा आणि रुग्णालयातील निवासी प्रशिक्षणाची जागा हे डोंगर उभेच असतात. एका हाताने पदवीचे गुण मोजून माणसाला बोलवायचे आणि दुसऱ्या हाताने तीच पदवी बाजूला सारायची, हा व्यवहार मला प्रामाणिक वाटत नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर, तारण म्हणून दागिन्याचे मूल्यांकन करून घ्यायचे आणि कर्ज देताना तो सोन्याचा नाहीच असे म्हणायचे! याची जाणीव तिकडेही काहींना आहे. ऑन्टारियो प्रांताने २०२१ साली कायदा करून अनेक नियमित व्यवसायांच्या परवान्यासाठी 'कॅनडातील अनुभव' हवाच ही अट घालण्यास मनाई केली. पाऊल योग्य दिशेचे आहे, मात्र वैद्यकासारखी क्षेत्रे त्या कायद्याने मोकळी झालेली नाहीत. ऑस्ट्रेलियाची रीत या एका बाबतीत मला अधिक सरळ वाटते. तेथे अर्जाच्या आधीच त्या त्या व्यवसायाच्या नियुक्त संस्थेकडून कौशल्य-मूल्यांकन करून घ्यावे लागते. लेखापालाचे लेखापालांच्या संस्था, अभियंत्याचे अभियंत्यांची संस्था. तेथेही नोकरीची हमी नाही आणि परवान्याची पायरी वेगळी असू शकते, पण नकार यायचा असेल तर तो निदान घर विकण्याच्या आधी येतो.

कोष्टक कायम राहील या भरवशावरही कोणी राहू नये. ब्रिटनने जानेवारी २००२मध्ये अतिकुशल स्थलांतरितांसाठी गुणांची योजना आणली आणि नोव्हेंबर २००६मध्ये तिचे निकष बदलले, तेही आधीच तेथे जाऊन राहिलेल्यांना लागू करून. अनेक भारतीय कुटुंबे त्यात अडकली. एप्रिल २००८मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने जुन्या अर्जदारांना नवे निकष लावणे बेकायदेशीर ठरवले, तेव्हा त्यांची सुटका झाली. कॅनडात नोकरीच्या प्रस्तावाला ५० किंवा २०० गुण मिळत. २५ मार्च २०२५ रोजी ते काढून टाकण्यात आले आणि ज्यांचे अर्ज रांगेत होते त्यांचेही गुण एका रात्रीत उतरले. २०२३पासून आरोग्यसेवा, बांधकामाशी निगडित हस्तकौशल्ये, फ्रेंच भाषा अशा गटांसाठी स्वतंत्र निवड-फेऱ्या होऊ लागल्या आहेत. सर्वसाधारण रांगेत पुढे उभ्या असलेल्या पदव्युत्तर उमेदवाराला मागे ठेवून फ्रेंच जाणणारा पदवीधर आत जातो, हे त्यामुळे घडू शकते.

या अस्थिर कोष्टकाच्या आधारावर शैक्षणिक कर्ज मागितले जाते, तेव्हा बँक अधिकारी म्हणून मी अस्वस्थ होते. हिशेब असा मांडला जातो. बी.कॉम.नंतर तेथे जाऊन एका वर्षाचा डिप्लोमा केला की 'दोन किंवा अधिक अर्हता' या रकान्यात नाव जाते. १२०चे १२८ होतात, भाषेच्या जोडीचे २५चे ५० होतात, शिवाय कॅनडात शिकल्याचे १५ निराळे. गणित अचूक आहे. पण तो डिप्लोमा कोणत्या विषयाचा, तो शिकून कोणते काम मिळेल, पगार किती, या प्रश्नांना उत्तर मिळते, "मॅडम, ते नंतर बघू, आधी पीआर होऊ दे." १ नोव्हेंबर २०२४पासून महाविद्यालयीन डिप्लोमाधारकांना शिक्षणानंतरचा काम-परवाना हवा असेल तर अभ्यासक्रम ठरावीक क्षेत्रांतलाच असावा लागतो. केवळ गुणांसाठी कोणताही विषय निवडण्याची वाट त्याने अरुंद केली. कर्जाला मात्र हे काही कळत नाही. अभ्यासक्रमाचा काळ अधिक एक वर्ष एवढी सवलत संपली की हप्ता सुरू होतो. सवलतीच्या काळातही व्याज चढतच असते. निवड-फेरी झाली का, किती गुणांवर थांबली, हे हप्ता विचारत नाही. आणि त्या कर्जावर बहुधा वडिलांचीही सही असते, निवृत्तीला चार-पाच वर्षे उरलेली. म्हणून माझे आग्रही मत असे की, शैक्षणिक कर्जाचा प्रस्ताव त्या शिक्षणातून होणाऱ्या कमाईवर तोलावा, स्थलांतराच्या गुणांवर नव्हे. तसेच ज्यांना शक्य आहे त्यांनी शिक्षण चालू असतानाच व्याज भरत जावे. रक्कम लहान वाटते, फरक मोठा पडतो.

मध्यस्थांविषयी थोडेच सांगते. कॅनडाच्या अर्जासाठी मोबदला घेऊन सल्ला देण्याचा अधिकार तेथील परवानाधारक सल्लागार, वकील आणि क्वेबेकचे नोटरी यांनाच आहे. अनुभवाचा बनावट दाखला किंवा काही दिवसांसाठी खात्यात उसनी आणलेली रक्कम, असल्या सूचना जो करतो, तो आपल्याला खड्ड्यात लोटत असतो. खोटी माहिती उघड झाल्यास पाच वर्षांची बंदी येते. आमच्या पत्रातील सहा महिन्यांची सरासरी ही उसनी रक्कम लपू देत नाही, आणि ती सरासरी 'जरा वाढवून' लिहून मागणाऱ्यांना मी चहा पाजून परत पाठवते.

मागील वर्षी आलेल्या एका दांपत्याची गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. पती छत्तीस वर्षांचे, बी.कॉम., एका कारखान्यात हिशेबनीस. पत्नी एकतीस वर्षांच्या, एम.एस्सी., मुलाच्या जन्माआधी कनिष्ठ महाविद्यालयात चार वर्षे पूर्णवेळ शिकवलेले. इंग्रजी परीक्षेत दोघेही नवव्या स्तरावर. मूल्यांकनाच्या अहवालात त्यांची एम.एस्सी. तेथील पदव्युत्तर पदवीच्या तोडीची ठरली होती. फाइल अर्थातच पतीच्या नावाने तयार होत होती, त्याविषयी घरात चर्चाही झाली नव्हती. बोलता बोलता आम्ही कागदावर आकडे मांडले. विवाहितांच्या कोष्टकात मुख्य अर्जदाराच्या पदव्युत्तर पदवीला १२६ गुण, पदवीला ११२. जोडीदाराच्या शिक्षणाला अनुक्रमे १० आणि ८. वय एकतीस असेल तर ९०, छत्तीस असेल तर ६५. शिक्षण-भाषेच्या जोडीचे ५० विरुद्ध २५. पत्नीला मुख्य अर्जदार केले तर एकूण ६२ गुण अधिक होत होते. पतींनी कागद दोनदा तपासला. हिशेबनीसच ते, बेरीज चुकलेली नाही हे त्यांना लगेच कळले. बाई काही बोलल्या नाहीत, फक्त मुलाच्या हातातले पेन काढून घेऊन पर्समध्ये ठेवले.

पुढे एक अडचण निघाली. घरातील सगळी बचत पतीच्या एकट्याच्या नावावरील खात्यात आणि ठेवींत होती. संयुक्त खात्यातील रक्कम मुख्य अर्जदाराच्या निधीत सरळ धरता येते. जोडीदाराच्या एकट्याच्या खात्यातील रक्कम धरायची तर त्या पैशांवर आपला हक्क पोहोचतो हे सिद्ध करावे लागते. त्यांनी खात्यात नाव वाढवण्याचा अर्ज मागितला आणि काउंटरवर उभे राहूनच भरला. मी पत्नीची ओळखपत्रे मागितली, तेव्हा पारपत्रावर सासरचे नाव होते आणि एम.एस्सी.च्या गुणपत्रकावर माहेरचे. विवाह नोंदणीचा दाखला आणायला ते दुपारच्या उन्हात पुन्हा घरी गेले आणि शाखा बंद होण्याच्या दहा मिनिटे आधी परत आले.